शिष्यवृत्ती सनदेपाशी संपू देऊ नका

महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासदांना खुले पत्र

स. न. वि. वि.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. आपल्यापैकीच एका संघाची मी आजीव सभासद आहे. मागणी एकच आहे, ती आधी मांडते आणि कारणं नंतर सांगते. आपल्या संघांकडे शिष्यवृत्तीसाठी जो निधी जमतो, त्यातला मोठा वाटा पदवीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांसाठी राखून ठेवा. सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, हातात आली आहे, कोर्टात उभं राहायची इच्छा आहे, पण घरून एक रुपयाही येण्यासारखा नाही, अशा मुलामुलींना दरमहा ठरलेल्या तारखेला विद्यावेतन द्या.

आपल्या बहुतेक संघांची आजची रीत मला माहीत आहे. वर्गात पहिल्या येणाऱ्याला कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रोख पारितोषिक, करार कायद्यात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला पदक, अभिरूप न्यायालय स्पर्धेसाठी फिरता चषक. देणाऱ्यांच्या मनात खरी माया असते. वडिलांच्या नावाने पदक ठेवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांचे डोळे ते पदक देताना भरून आलेले मी पाहिले आहेत. ही पदकं बंद करा असं मी म्हणत नाही. पण पदक मिळवणारा मुलगा बहुधा असा असतो, ज्याला अभ्यासाला वेळ मिळाला, ज्याच्याकडे पुस्तकं होती, ज्याला संध्याकाळी कुठे कामाला जावं लागलं नाही. ज्याला पैशाची खरी गरज आहे, तो पाचव्या-सहाव्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असतो.

फीचा प्रश्न पूर्ण सुटलाय असं नाही, पण निदान सरकारचं तिकडे लक्ष आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण माफी आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अडतं ते वेळेवर. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, आधार बँकेला जोडलं, कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज पुढे गेला, तरी हप्ता पडेपर्यंत सत्र संपतं. तोवर परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, मेसचे पैसे द्यायचे असतात, आणि ऑफिसातला लिपिक ‘आधी फी, मग हॉल तिकीट’ म्हणत असतो. इथे संघाने काय करायचं हे फारसं अवघड नाही. दोन-तीन लाखांचा फिरता निधी ठेवा, शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या मुलाला बिनव्याजी रक्कम द्या, हप्ता जमा झाला की परत घ्या. काही महाविद्यालयांत प्राध्यापक स्वतःच्या पगारातून हे गुपचूप करतातच. त्यांच्या खिशावरचा हा भार संघाने उचलावा.

पण माझा मुख्य मुद्दा याच्या पुढचा आहे.

बाबासाहेबांच्या चरित्रातली एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं, पुन्हा गेले, शाहू महाराजांची मदत झाली, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईला परत आले तेव्हा त्या काळच्या कुणाही भारतीयाला हेवा वाटावा अशा पदव्या त्यांच्याकडे होत्या. आणि मुंबई हायकोर्टाची सनद घ्यायला पैसे नव्हते. नवल भथेना या त्यांच्या पारशी मित्राने पाचशे रुपये दिले, तेव्हा सनद मिळाली. पुढे हेच बॅरिस्टर आंबेडकर १८५५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे १९३५ मध्ये प्राचार्य झाले. दोन संस्थानिकांनी शिक्षणाला हातभार लावला, तरी शिक्षण आणि व्यवसाय यांच्या मधली फट एका मित्राला भरावी लागली. आज आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसमोर तीच फट आहे. प्रत्येकाला नवल भथेना भेटत नाही. संघ म्हणून आपण ते काम करू शकतो.

सनदेच्या शुल्काचं ओझं आता हलकं झालंय, हे सांगितलंच पाहिजे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यांच्या बार कौन्सिलांना अधिवक्ता अधिनियमाने ठरवलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे नोंदणीच्या वेळी घेता येणार नाहीत. सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याआधी निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये भरावे लागत होते, आणि त्यापायी पास होऊनही वर्षभर सनद न घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. वकिली करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेचं शुल्क अजून साडेतीन हजारांच्या घरात आहे. काळा कोट, बँड, गाऊन, दोन-चार कायद्यांच्या प्रती, हे सगळं धरलं तरी एकदाच करायचा हा खर्च गावाकडचं घर कसंबसं उचलतं. एखादी शेळी विकून, बचत गटातून कर्ज काढून. घर उचलू शकत नाही ती पुढची तीन वर्षं.

तीन वर्षं हा आकडाही मी सहज घेतलेला नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग या सुरुवातीच्या न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. २००२ मध्ये ती अट काढली गेली होती, आणि मधल्या काळात आपल्याकडे चांगले गुण असलेला ताजा पदवीधर थेट या परीक्षेला बसू शकत होता. बीड, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या कितीतरी मुलांनी कायद्याला प्रवेश घेतला तो याच आशेवर. पदवी, एक वर्ष वाचनालयात बसून अभ्यास, लोकसेवा आयोगाची परीक्षा, आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग म्हणून घरी पहिला पगार.

निकालामागचं कारण मला पटतं. कोर्टात कधी उभा न राहिलेला न्यायाधीश पक्षकाराच्या आणि वकिलाच्या अडचणी ओळखायला वेळ घेतो, हे मीही रोज बघते. पण या निकालाने जो रस्ता तीन वर्षांनी लांबला, त्या तीन वर्षांत खायचं काय, हे कुणी सांगितलेलं नाही. ज्याच्या वडिलांचं कोर्टासमोर ऑफिस आहे त्याला ती तीन वर्षं म्हणजे वडिलांच्या शेजारची खुर्ची. ज्याचे वडील हमाल आहेत त्याला ती तीन वर्षं पार करायची म्हणजे कुठून तरी जेवणाची सोय करायची. आणि बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे कमावता येत नाही, आणि न कमावता टिकताही येत नाही.

आपल्यापैकी जे आता मोठ्या फर्ममध्ये किंवा कंपन्यांच्या विधी विभागात आहेत, त्यांच्यासाठी जिल्हा कोर्टातल्या ज्युनिअरचा दिवस थोडा सविस्तर लिहिते. सकाळी साडेनऊला ऑफिस उघडायचं. आज आपल्या कुठल्या केसेस कुठल्या कोर्टात आहेत ते बघून बोर्ड काढायचा, डायरी मांडायची, फायली क्रमाने लावायच्या. अकराला कोर्टात. सिनिअर साहेब वरच्या मजल्यावर उलटतपासात गुंतलेले असतात, तेवढ्यात खाली दुसऱ्या कोर्टात पुकारा होतो. धावत जायचं, तारीख मागायची, पुरसिस (छोटं लेखी निवेदन) द्यायची, समोरच्याच्या तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर म्हणणं दाखल करायला मुदत मागायची. मधल्या सुट्टीत नकलांच्या विभागात रांग. झेरॉक्स, कोर्ट फी स्टँप, वकीलपत्रावरचं वकील कल्याण निधीचं तिकीट, हे पैसे पुष्कळदा आधी ज्युनिअरच्या खिशातून जातात आणि नंतर मागायला त्यालाच संकोच वाटतो. संध्याकाळी ऑफिसात पक्षकार, नोटिसांचं टायपिंग, उद्याच्या फायली. साडेआठला खोलीवर. महिनाअखेरीला हातात काय पडेल याला काही बांधीव आकडा नाही. कुणी प्रवासापुरतं देतं, कुणी दिवाळीला पाकीट देतं, कुणी ‘काम शिकतोयस ना’ एवढंच म्हणतं.

काही सिनिअर अतिशय उदार आहेत. माझ्या सिनिअर बाई त्यातल्या होत्या. त्यांनी पहिल्या महिन्यापासून मला ठरावीक रक्कम दिली, आणि त्या रकमेवर मी खोलीचं भाडं भरलं. त्या नसत्या तर मी आज हे पत्र लिहायला वकिलीत नसते. पण एखाद्या बाईंच्या चांगुलपणावर सगळ्या राज्यातल्या मुलांनी अवलंबून राहायचं, ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

दुसरी राज्यं या बाबतीत आपल्या पुढे गेली आहेत. केरळ सरकारने २०१८ मध्ये कमी उत्पन्नाच्या नव्या वकिलांना दरमहा पाच हजार देण्याचा आदेश काढला. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांसाठी तेवढ्याच रकमेची योजना आणली. तमिळनाडूने २०२० मध्ये तीन हजारांनी सुरुवात केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सुचवलं की ज्युनिअरला शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार मिळावेत. परिपत्रक शिफारशीचं आहे, सक्तीचं नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या कितीतरी सिनिअरांची स्वतःचीच महिन्याची कमाई धड तेवढी नसते, त्यामुळे ते कागदावरच राहणार हे उघड आहे. सरकारकडे मागणी करायची ती आपण करूच. पण आपल्याला आजपासून काही करता येण्यासारखं असेल, तर सरकारची वाट बघायचं कारण नाही.

ही मुलं टिकणं एवढं महत्त्वाचं का, हे एका केसवरून सांगते. माझ्याकडे सध्या एक ज्युनिअर आहे. तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात, तीही लहानपणी फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहिलेली आहे. कलम १३८ची, म्हणजे चेक न वटल्याची, एक केस आमच्याकडे आली. आरोपी ऊसतोड करणारं जोडपं, फिर्यादी त्यांचा मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा. सहीचा कोरा चेक आधीच घेऊन ठेवलेला, त्यावर भली मोठी रक्कम टाकून बँकेत भरलेला. मी कायद्याच्या बाजूने तयारी केली होती. चेक देणं फेडण्यासाठीच दिला हे कायद्यातलं गृहीतक कसं खोडायचं, नोटीस मुदतीत होती का, वगैरे. तिने फिर्यादीची उचलीची, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेल्या रकमांची, वही घेतली आणि रात्री घरी जाऊन पान पान वाचली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘मॅडम, ही उचल फेब्रुवारीतली दाखवलीय. फेब्रुवारीत हंगाम भरात असतो. तेव्हा नवी उचल कोण देतं? उचल पावसाळ्यात ठरते, कारखाना सुरू व्हायच्या आधी. आणि एका कोयत्याला (जोडप्याला) एवढी रक्कम आमच्या भागात कुणी देत नाही.’ तिथून उलटतपासाचे प्रश्न तिनेच काढले. वजनाच्या पावत्या कुठे आहेत, खाडे कसे धरले, गेल्या हंगामाची फिरती बाकी कुणासमोर ठरली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मुकादम ज्या प्रश्नांना अडखळला, ते प्रश्न मला वीस वर्षांच्या वकिलीत सुचले नसते. केस अजून चालू आहे. निकाल काहीही लागो, त्या नवरा-बायकोचं म्हणणं त्या दिवशी कोर्टापुढे नीट आलं.

संविधानाच्या अनुच्छेद ३९अ मध्ये आर्थिक दुर्बलतेमुळे कुणी न्यायापासून वंचित राहू नये असं म्हटलंय. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, जिल्ह्याजिल्ह्याला मोफत वकील देण्याची सोय आहे. पण गरिबाची बाजू समजणारा वकील कुठल्या घरातून येतो, हाही न्यायाचाच भाग आहे. आपल्या महाविद्यालयांत अशा घरांतली मुलं आता पोहोचली आहेत. वर्गात आहेत, वादसभेत आहेत, निकालपत्रात आहेत. बार रूममध्ये मात्र चार वर्षांनी शोधली तर सापडत नाहीत.

‘आमच्या वेळी कुणी दिलं होतं? आम्हीही वडापाववर दिवस काढले,’ असं माझ्या पिढीतले आणि त्याआधीचे अनेकजण म्हणतील. काढले, हे खरं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जे टिकले नाहीत ते मेळाव्याला येत नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं आपल्या कानावर पडत नाही. माझ्या वर्गात सगळ्यात चांगला युक्तिवाद करणारा मुलगा आज एका पतसंस्थेत वसुलीचं काम करतो. वडील गेल्यावर आठ महिन्यांत त्याने कोर्ट सोडलं. त्याला तेव्हा वर्षभर कुणी आधार दिला असता, तर आमच्या जिल्ह्याला एक उत्तम फौजदारी वकील मिळाला असता. हे मी हळहळ म्हणून लिहीत नाही. आपल्या व्यवसायाचं आणि पक्षकारांचं ते नुकसान आहे.

दुसरी शंका अशी असेल की पैसे घेऊन ज्युनिअर तीन वर्षांनी न्यायाधीश होईल किंवा सरकारी अभियोक्ता होईल, मग संघाला काय मिळालं? संघाला तेच तर मिळवायचं आहे. विद्यावेतनाच्या बदल्यात बाँड लिहून घेऊ नका, ‘वकिलीतच राहीन’ अशी हमी मागू नका.

आता व्यवहार. जिल्ह्याच्या गावात कॉट बेसिसवरची खोली, मेस आणि बसचा पास यांपुरते आठ हजार रुपये महिना धरूया. पुण्या-मुंबईत ते पुरणार नाहीत, तिथल्या संघांनी आपला आकडा ठरवावा. दहा ज्युनिअरांना आठ हजार म्हणजे महिन्याला ऐंशी हजार. संघाच्या चारशे सभासदांनी दरमहा दोनशे रुपये दिले की तेवढी रक्कम उभी राहते. कुठल्याही जुन्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये मिळवते चारशे लोक नाहीत असं होणार नाही. एकरकमी मोठ्या देणग्या आल्या तर त्यांची कायम ठेव करा, पण मुख्य भिस्त छोट्या मासिक वर्गणीवर ठेवा. मोठा देणगीदार एखाद्या वर्षी विसरला तर मुलांचं जेवण बंद पडतं, चारशेतले वीस विसरले तर पडत नाही.

निवडीत गुणपत्रिकेला दुय्यम स्थान द्या. उत्पन्न, घरची परिस्थिती, घरात आधी कुणी वकील आहे का, आणि मुलाला खरोखर कोर्टात काम करायचं आहे का, एवढं पाहा. मुलाखत घ्या, पण त्याच्या गरिबीची कहाणी त्याला स्टेजवरून सांगायला लावू नका. धनादेश देतानाचा फोटो नको. बाईला नवऱ्याने सोडलंय, घरी आजारी माणूस आहे, अशा गोष्टी निवड समितीच्या तीन माणसांपलीकडे जाता कामा नयेत.

विद्यावेतन थेट ज्युनिअरच्या खात्यावर जमा करा, सिनिअरच्या हातून नको. हे मी फार विचार करून लिहिते आहे. नव्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या वकिलीचं प्रमाणपत्र त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने द्यायचं, किंवा किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलाने देऊन त्या अधिकाऱ्याने ते प्रमाणित करायचं. बहुतेक ठिकाणी ज्युनिअर प्रमाणपत्रासाठी आपल्या सिनिअरकडेच जाणार. काम त्याच्याकडून, प्रमाणपत्र त्याच्याकडून आणि पैसेही त्याच्याच हातून आले, तर ज्युनिअरला, त्यातही मुलींना, काही खटकलं तरी बोलायची सोय राहत नाही. पैसे संघाकडून आले की ऑफिस बदलायची मोकळीक राहते. संघाने आपल्या सभासदांमधल्या चांगल्या सिनिअरांची यादी करावी, ज्यांच्या ऑफिसात ज्युनिअरला खरोखर शिकवलं जातं आणि मुली निर्धास्तपणे काम करू शकतात. अशी यादी करताना काही नावं गाळावी लागतील. ती गाळा. मैत्री आड येऊ देऊ नका.

यादीतल्या सिनिअरांनी दरमहा निदान दोन हजारांची भर स्वतःकडून घालावी, आणि कोर्टाचा खर्च ज्युनिअरच्या खिशातून जाऊ देऊ नये. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या मुलांना हायकोर्टाचं काम शिकायला आता मुंबईत खोली शोधावी लागणार नाही. तिथे नव्याने ऑफिसं थाटणाऱ्या आपल्या सभासदांनी पहिली खुर्ची संघाच्या ज्युनिअरसाठी ठेवावी, अशी माझी खास विनंती आहे.

पैशाशिवाय आणखी एक काम आहे, आणि ते आपल्यातले निवृत्त न्यायाधीश आणि ज्येष्ठ वकीलच करू शकतात. मराठी माध्यमातून आलेला मुलगा खालच्या कोर्टात कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) झकास लिहितो, पण हायकोर्टाचं इंग्रजी पेपरबुक, म्हणजे केसच्या कागदपत्रांचा संच, समोर आलं की गप्प होतो. त्याला कायदा येत नाही असं नसतं. त्याला इंग्रजीत मसुदा लिहून तो तपासून घ्यायची सवय कधी लागलेली नसते. शनिवारी दुपारी दोन तास, एक खरी केस, एक मसुदा, आणि लाल पेनाने तपासणारं अनुभवी माणूस. याला फार खर्च नाही. हे वर्ग पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून सुरू झाले तर आणखी चांगलं. वंचित समाजांतल्या मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांपर्यंत नेण्यासाठी प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये आयडिया (IDIA) हा उपक्रम सुरू केला. मुलांना प्रवेश परीक्षेसाठी तयार करायचं आणि प्रवेशानंतरही त्यांच्यासोबत राहायचं, अशी त्याची रचना आहे. आपल्या पारंपरिक महाविद्यालयांमधली मुलं संख्येने कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्यासोबत राहण्याची जबाबदारी आपलीच आहे.

ग्रंथालयाबद्दल थोडक्यात. सभासदांनी दिलेली पुस्तकांची कपाटं, काचेवर देणगीदाराचं नाव असलेली, मी बऱ्याच महाविद्यालयांत पाहिली आहेत. आत ‘एआयआर’ या न्यायनिर्णयांच्या संग्रहाचे जुने खंड आणि भारतीय दंड संहितेवरचे जाडजूड ग्रंथ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेखालीच चालणार, म्हणून ती पुस्तकं टाकून द्यायची नाहीत. पण नव्या तिन्ही कायद्यांची अद्ययावत पुस्तकं विद्यार्थ्याला विकत घ्यावी लागतात, जुन्या बाजारात ती अजून स्वस्तात मिळत नाहीत. यापुढे कपाट देण्याऐवजी नव्या कायद्यांचे पंचवीस संच द्या, आणि ते घरी न्यायची परवानगी मुलांना द्या.

आपल्यापैकी काही संघ महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी, नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ असावा म्हणून, घाईने स्थापन झाले. पुढे त्यांच्या सभा नीट झाल्या नाहीत. त्याबद्दल कुणाला दोष देत बसायचं नाही. नोंदणी आहे, खातं आहे, एवढं पुरेसं आहे. धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज आणि हिशेबपत्रकं अद्ययावत करून घ्या, आयकर कायद्याखालची ८०जीची मान्यता घ्या म्हणजे देणगीदारांना करात सवलत मिळेल, आणि दर तीन महिन्यांनी किती आले, किती दिले, किती ज्युनिअरांना दिले हे सभासदांना कळवा. वकिलांच्या संघाचा हिशेब चोख असलाच पाहिजे.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेता यावा म्हणून ठरावाचा मसुदाही देते: ‘संघाच्या शिष्यवृत्ती निधीपैकी किमान निम्मी रक्कम, महाविद्यालयातून पदवी घेऊन सनद मिळवलेल्या आणि आर्थिक पाठबळ नसलेल्या नवोदित वकिलांना जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत मासिक विद्यावेतन म्हणून देण्यात यावी. निवड, वितरण आणि देखरेख यांसाठी तीन सभासदांची समिती नेमावी, तीत किमान एक महिला असावी, आणि समितीने दर तिमाहीस हिशेब सादर करावा.’ शब्द बदलायचे असतील तर जरूर बदला. आमच्या संघात सूचक म्हणून माझं नाव घाला. इतर संघांनी बोलावलं तर ठरावाच्या बाजूने बोलायला मी स्वखर्चाने येईन. माझी दरमहाची वर्गणी दोन हजार रुपये पहिल्या महिन्यापासून धरावी.

कळावे,

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी, जिल्हा न्यायालयातली वकील